पाचव्या मजल्यावरची रसद

वर्कशॉप, मागची खोली
९ जानेवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

फोनवर ओरडण्यापेक्षा लिहून भांडा, असा हुकूम माझ्या लेकीने, म्हणजे तुमच्या सुनेने काढला आहे. तुम्हालाही मिळाला असेलच. बरंच झालं. फोनवर तुम्ही माझं वाक्य मध्येच तोडता. आता कागदावर तोडून दाखवा.

एप्रिलच्या मध्यावर आपण दोघं आजोबा होणार, यावर तरी आपलं एकमत आहे. भांडण पुरवठ्याचं. मी त्यांच्याकडे एक गादी, बाळाचा टब, हीटर आणि खेळण्यांची एक पेटी पाठवली, तर तुम्ही म्हणालात, "त्यांनी मागितलं होतं का?" तुमची हयात शस्त्रभांडारात गेली. वरून सही-शिक्क्याची मागणी आल्याशिवाय काडतूस जागचं हलवायचं नाही, हे तुमच्या हाडांत मुरलंय. मी लेथवाला, लष्करात एक दिवसही नव्हतो. पण सैन्याची रसद आणि हत्यारं यांवर मी जेवढं वाचलंय तेवढं तुमच्या अख्ख्या भांडारात कुणी वाचलं नसेल. हे मी नम्रपणे सांगतो.

पहिलं महायुद्ध घ्या. सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की लढाई काही महिन्यांत आटपेल. उन्हाळ्यात तोफा सुरू झाल्या आणि हिवाळा येईतो गोळे संपत आले. तोफा आहेत, तोफची आहेत, गोळे नाहीत! मग धावाधाव, नवे कारखाने. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. म्हणून माझं तत्त्व साधं आहे. अंदाज बांधा, दुप्पट करा, न विचारता पुढे ढकला.

आणि हो, त्यांच्या पुढच्या खोलीत ती एक घडीची खाट आहे ना, ती मी धरली आहे. आमच्या सौ. आतल्या खोलीत लेकीजवळ राहतील, बाहेर मी. नातवंडाचा पहिला आवाज मला भिंतीपलीकडून ऐकायचाय.

तुमचा व्याही, लेथवाला


निवृत्तांची वसाहत
१५ जानेवारी

विद्वान व्याही,

तुमची रसद पोचली. कुठे पोचली ते विचारा. इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखाली. लिफ्ट बंद आहे. दुरुस्तीवाला "पार्ट मागवलाय" म्हणून गेला तो गेलाच. मुलगा-सून पाचव्या मजल्यावर, गादी तळाला. सध्या तिच्यावर चौकीदार झोपतो. झोप फार छान लागते, असा त्याचा तुम्हाला निरोप आहे.

गोळ्यांचं तुम्ही खरं लिहिलंत, पण अर्धंच. रेल्वे नवी होती तेव्हा तुमच्यासारखेच सेनापती हुरळले होते. कुणी मागो न मागो, डब्यांमागून डबे सरहद्दीकडे ढकलले. शेवटच्या स्टेशनवर डबे तुंबले, उतरवायला माणसं नाहीत, पुढे न्यायला गाड्या नाहीत. डब्यांत पाव कुजतोय आणि थोड्या कोसांवर सैन्य उपाशी. घोडं पेंड खातं ते नेहमी शेवटच्या टप्प्यात. इथे तर पेंडही डब्यातच अडकली होती.

ज्याला हवं त्याने मागावं, मग आपण द्यावं. भांडार असंच चालतं, घरही असंच चालावं.

खाटेचं म्हणाल तर ती माझ्या मुलाच्या घरातली आहे, मुलाच्या बापाचा हक्क पहिला. मी गवगवा करत नाही एवढंच. राखीव तुकडी गवगवा करत नसते. ती मागे शांत बसते आणि शेवटी मैदान मारते.

भांडारवाला


पाचवा मजला
२४ जानेवारी

बाबा आणि आप्पा,

दोघांना शब्दन् शब्द सारखं पत्र पाठवते आहे, म्हणजे नंतर "मला वेगळं सांगितलं होतं" ही भानगड नको.

बाजारात तुरी आणि तुमची मारामारी आतापासून सुरू! ऐका. खाट एक आहे. लोखंडी, अरुंद, मध्ये खड्डा पडलेली. आजपासून बाळ होईपर्यंत जो आजोबा मी मागितल्याशिवाय इथे टाचणीसुद्धा पाठवणार नाही, खाट त्याची. दोघांनी नियम पाळला तर चिठ्ठ्या टाकू. दोघांनी मोडला तर खाटेवर मी दुपटी वाळत घालीन.

आई कालच आली. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "दुपट्यांसाठी चिमटे आणून ठेव."

बाबा, तुमची गादी वर आणली. चौकीदार तेव्हापासून उदास आहे.

तुमची लेक, तुमची सून


वर्कशॉप, मागची खोली
२ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

नियम मान्य. माझ्या लेकीने केलेला नियम आहे, त्यात फट नाही. मी शोधली.

जुन्या रायफलींमध्ये मॅगझिनच्या तोंडावर एक लोखंडी पट्टी असे, ती तुम्ही हाताळली असेल, पण तिच्यामागचा विचार मी सांगतो. मॅगझिन काडतुसांनी भरलेलं. मात्र पट्टी आत सरकवली की शिपायाला एकेक काडतूस हातानेच घालून झाडावं लागे. भरलेलं मॅगझिन राखून ठेवायचं, आणीबाणीसाठी. का? तर वरच्यांना धास्ती, की याच्या हातात भराभर उडणारं हत्यार दिलं तर हा सगळा साठा वाऱ्यावर उडवून मोकळा होईल. मी त्या वरच्यांना इतकी वर्षं हसत आलो. आता माझ्याच लेकीने मला पट्टी बसवली.

तर मी शब्द दिलाय. माझ्याकडून काहीही जाणार नाही. वर्कशॉपात सध्या लाकडाचा भुसा फार दिसतो असं कुणी तुम्हाला सांगितलं, तर तो गिऱ्हाइकाच्या कामाचा आहे.

लेथवाला


निवृत्तांची वसाहत
१० फेब्रुवारी

विद्वान व्याही,

मला नियमाचं काय ओझं? मी जन्मभर तोच पाळत आलो. सुंठीवाचून खोकला गेला. तुम्हीच सांभाळा, पट्टी गंजून मोडायची.

एक खासगी काम आहे, त्याचा आपल्या लढाईशी काही संबंध नाही. घरात एक जुनी लाकडी खुर्ची आहे. तिच्या बाजूचा एक गज मोडला. इथल्या सुताराला दाखवला तर म्हणतो, "साहेब, खुर्चीच नवी घ्या." मोडके दोन्ही तुकडे सोबत पाठवतो. हुबेहूब तसा कातून मिळेल का? असं बारीक काम करणारा हात माझ्या ओळखीत एकच आहे, आणि त्या हाताचा मालक बोलतो फार, तरी चालेल.

भांडारवाला


वर्कशॉप, मागची खोली
२१ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

गज सोबत आहे. जुन्याशेजारी धरून बघा, केसाचा फरक सापडला तर मी लेथ विकून टाकीन. मानेपाशी जी दुहेरी कंगणी, म्हणजे कातलेली वळी, आहे ती तुमच्या सुताराला सात जन्मांत जमली नसती. पॉलिश माझ्यातर्फे.

असा गज करणं म्हणजे काय, हे कळायला बंदुकांचा इतिहास माहीत हवा. पूर्वी प्रत्येक बंदुकीचा चाप कारागीर घासून घासून त्याच एका बंदुकीला बसवायचा. शेजारच्या शिपायाच्या बंदुकीला तो लागायचा नाही. रणांगणात एक स्क्रू मोडला की अख्खी बंदूक म्हणजे काठी. मग काही डोकेबाज माणसांनी माप धरून सगळे भाग सारखे करायला घेतले, आणि तिथून पुढे मोडक्या दोन बंदुकांमधून एक चालती बंदूक उभी राहायला लागली. कवायती आणि व्यूह यांची वर्णनं सगळे करतात. लढाई मापाने जिंकली जाते हे कोण लिहितो?

गजाच्या बुडाशी माझी दोन रेघांची खूण आहे. ती घासू नका, माझ्या हातून सुटलेल्या प्रत्येक वस्तूवर ती असते.

एक विचारतो. खुर्ची फारच बुटकी दिसते हो. क्षणभर मनात आलं, ही लहान मुलाची तर नाही? म्हणजे नियमभंग! पण लगेच स्वतःलाच म्हटलं, छे, व्याही तसले नाहीत. मागणीवाला माणूस.

लेथवाला


पाचवा मजला, आतली खोली
१९ मार्च

अहो,

तुम्हाला काय वाटलं, मी इथे बसून फक्त लोकर विणते?

सोमवारी भाजीवाल्याच्या टेम्पोतून "जपून" असं लिहिलेलं पुडकं आलं. अक्षर डाव्या हाताचं, पण शब्दावर रेघ मात्र पट्टीने आखलेली. जगात असं कोण करतं? मंगळवारी तुमच्या शाळासोबत्याचा भाचा दोन फळ्या बगलेत मारून दारात उभा. "सहज आलो होतो, मावशी." पाच मजले चढून, फळ्या घेऊन, सहज! बुधवारी छत्रीच्या पिशवीतून चार गज आले, छत्री नव्हती. लेकीने फळ्या जुळवल्या आणि म्हणाली, "आई, हा पाळणा आहे. तुकडे केले म्हणजे पाळणा पाठवला असं होत नाही, ही बाबांची फट."

फट चांगली होती हो. पण बोल्टांचं पुडकं ज्याच्याकडे दिलंत तो ड्रायव्हर वाट बदलून भलत्याच गावाला गेला. पाळणा आहे आणि उभा राहत नाही. भिंतीला टेकवून ठेवलाय, आल्या-गेल्याच्या अंगावर पडतो.

खरी गंमत पुढेच. गुरुवारी दुसरा पाळणा आला. अख्खा. व्याह्यांच्या भांडारातल्या एका जुन्या सोबत्याने खाली आणून सोडला. जावईबापू आणि चौकीदार यांनी "हळू, हळू" करत वर चढवला. जुनं लाकूड, तेल लावून चकचकीत केलेलं. सगळे गज काळसर आणि मध्येच एक नवाकोरा, दात बसवल्यासारखा. मी वाकून बुडाशी पाहिलं. दोन रेघा!

अहो, मी भिंत धरून हसले. लेक पोट धरून म्हणत होती, "आई, पुरे, आई, इथेच होईल!" शत्रूची तोफ तुम्ही दुरुस्त करून दिलीत, वर पॉलिश मारून.

दोघंही बाद. खाटेवर दुपटी वाळताहेत. चिमटे कमी पडले.

तुमची


वर्कशॉप, मागची खोली
२४ मार्च

व्याही!

"बुवा" आज लावत नाही.

खुर्ची! जुनी लाकडी खुर्ची! तुम्ही मला तोंडभर "बारीक काम करणारा हात" म्हणालात आणि मी त्या एका वाक्यावर भर दिवसा गिऱ्हाईक परत पाठवून तुमचा गज कातला! हत्यारांचे कारखानदार दोन्ही बाजूंना माल पुरवायचे, असं मी वाचलंय आणि त्यांना मनापासून शिव्या दिल्यात. पण ते निदान विकत होते हो! शत्रूला फुकट, घरपोच आणि स्वतःच्या खुणेसकट हत्यार देणारा इतिहासात मी एकटाच.

मीही नियम मोडला, हे मला माहीत आहे. पण माझं मोडणं उघड स्वभावाचं आहे, मी ढकलणारा माणूस. तुम्ही कसे मोडलात? जन्मभराचं तत्त्व कुठे गेलं? कुणी मागणी केली होती तुमच्याकडे पाळण्याची? नाव सांगा!

लेथवाला


निवृत्तांची वसाहत
२९ मार्च

व्याही,

गनिमी कावा कबूल. तुम्ही रागावलात की अक्षर फार सुरेख येतं.

नाव विचारलंत, सांगतो. पाळणा माझ्या मुलाचा. तो रांगायला लागला तेव्हा हिने सुटा करून, जुन्या मऊ चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकायला लावला. म्हणाली, "याच्या बाळाला लागेल." मी हसलो. म्हटलं, मागणी येईल तेव्हा बघू. तेव्हा मी भांडारात नवा होतो आणि तत्त्व त्याहून नवं.

ती गेल्यावर माळ्याकडे मी बघितलं नव्हतं. जानेवारीत सुनेचं पत्र आलं आणि पहिल्यांदा शिडी लावली. खाली काढताना माझ्याच हातून निसटला, गज मोडला. तेव्हा मला घाम फुटला, व्याही. त्या सुताराला खरं सांगायचं धैर्य झालं नाही, तुम्हालाही नाही.

तेव्हा मागणी नव्हती असं म्हणू नका. होती. तुमच्या लेकीची नव्हे, हिची. भागवायची राहून गेली होती.

चहा उतू जातोय. इथे "अहो, चहा!" म्हणून ओरडायला कुणी नाही, म्हणून आटपतो.

भांडारवाला


वर्कशॉप, मागची खोली
२ एप्रिल

व्याहीबुवा,

गज बसला का नीट? डोलताना कुरकुरत तर नाही ना? कुरकुरला तर खाचेत मेण घाला, तेल नको. उरलेल्या गजांतला एखादा मानेत बारीक झाला असेल तर कळवा. मी न मागता देणार नाही. शिकलो.

आता युद्धशास्त्रातलं सर्वांत अवघड प्रकरण: माघार. पळणं निराळं आणि माघार निराळी. माघार शिस्तीने, पिछाडी सांभाळून, आपणहून घ्यायची असते. ती फार थोड्या सेनापतींना जमली. मला जमतेय बघा. लेकीला आजच लिहिलंय, की दुपटी उचल आणि खाट आप्पांना दे. आमच्या घरचं एक माणूस तिथे आहेच. तुमच्या घरचंही असायला हवं.

निघा लगेच. वरातीमागून घोडं नको.

लेथवाला


निवृत्तांची वसाहत
२ एप्रिल

व्याही,

सुनेला लिहून टाकलं: खाट तुझ्या बाबांची. कारण ऐका. तुमचा पाळणा भिंतीला टेकून उभा आहे, बोल्ट परगावी आहेत, आणि ते बसवायला जो माणूस लागणार तो मी नव्हे. माझा एक गज तुमच्याच जोरावर उभा आहे. त्याचं मी काही देणं लागत नाही असं तुम्ही मोठेपणाने म्हणाल, म्हणून तुम्ही म्हणायच्या आत मी मैदान सोडतो.

राखीव तुकडीने मागेच राहावं, कधी कधी हेही डावपेचात बसतं. बाळाचा पहिला आवाज कसा होता तेवढं कळवा.

भांडारवाला


इस्पितळ, खिडकीजवळची कॉट
५ एप्रिल

बाबा आणि आप्पा,

पुन्हा दोघांना एकच पत्र.

बातमी यांनी फोनवर सांगितलीच. तेव्हा दोन्हीकडून इतकी ओरड झाली की नर्सबाईंनी यांना बाहेर काढलं. म्हणून बाकीचं लिहिते.

तुमची दोघांची पत्रं एकाच टपालात आली. दोघांनीही एकाच दिवशी माघार घेतली! बाबा, तुमच्या त्या इतिहासात असं कधी झालंय का, की समोरासमोरची दोन्ही सैन्यं एकाच सकाळी पळाली आणि मैदानात एक घडीची खाट उरली? पहिला आवाज ऐकायला भिंतीपलीकडे दोघांतला एकही नव्हता. खाटेवर फक्त दुपटी होती. आई म्हणाली, "शूर आहेत दोघं."

मुलगी परवा दुपारी झाली. ठरल्या तारखेच्या कितीतरी आधी, कुणी न विचारता, एकदम पुढे घुसून. बाबा, तुमच्यावर गेलीय. झाल्या झाल्या जे रडायला लागली ते हवं ते हातात पडेपर्यंत थांबली नाही. आप्पा, तुमच्यावर गेलीय.

उद्या घरी जातोय. ती आप्पांच्या पाळण्यात झोपेल. बाबांच्या फळ्यांचं यांनी दोरीने बांधून शेल्फ केलंय. फक्त वजन ठेवायचं नाही आणि जवळून जायचं नाही.

आता ही रीतसर मागणी. वस्तू: आजोबा. नग: दोन. जोडीनेच हवेत, सुटा नग परत पाठवला जाईल. दर्जा जसा असेल तसा चालेल. तातडीचं. लिफ्ट अजून बंद आहे, तेव्हा शेवटचे पाच मजले तुमचे तुम्ही चढा.

मुलीची आई


पाचवा मजला, खाटेचं खिडकीकडचं टोक
११ एप्रिल, दुपार

व्याहीबुवा,

बाळ झोपलं असताना या खोलीत कुणी तोंड उघडलं तर त्याला चौकीदाराकडे झोपायला पाठवीन, असं आमच्या सौ.नी बजावलंय. तेव्हा चिठ्ठी पाय लांबवून सरकवतो. मी उशीला, तुम्ही पायथ्याला, ही मांडणी ठीक. पण मधल्या खड्ड्यात घसरून तुमची टाच काल माझ्या कानाशी होती.

महत्त्वाचं: ती रडायच्या आधीच उचलावी. एकदा रडली की सूर चढतो, मग आवरत नाही. अंदाज बांधा आणि आधीच हालचाल करा. हे तत्त्व आता तरी माना.

लेथवाला


खाटेचं दाराकडचं टोक
तीच दुपार

विद्वान,

टाच माझी, खड्डा सामाईक.

तत्त्व मानत नाही. रडली तरच उचलायची. न मागता उचललं तर तिला मागायचं कसं हेच कळणार नाही. मी शेवटपर्यंत यावर ठाम आहे.

भांडारवाला


खिडकीकडचं टोक

ठाम! आत्ता मी चष्मा पुसत होतो तेवढ्यात तुम्ही पाळण्यावरून वाकून तिला उचललीत. तुमच्या मांडीवर आहे ती. मला दिसतंय! ती रडली नव्हती. हूं की चूं केलं नव्हतं. कुठे होती मागणी?


दाराकडचं टोक

ओठ हलले. तातडीच्या वेळी आम्ही तोंडी मागणीही धरतो.


खिडकीकडचं टोक

आत्ता तिची भुवई हलली. माझ्या दिशेने. पाय आवरा, मी येतोय.